पोलंड सुइटमधला उलटा बूट

थप्प. थोड्या वेळाने पुन्हा, थप्प.

अमेयची रात्रपाळी चालू असली की दुपारी तीन वाजता आमच्या घरात बोलणंसुद्धा बोटांनी आणि भुवयांनी चालतं. रास लफानच्या गॅस प्लांटचं दुरुस्तीसाठीचं शटडाऊन सुरू झाल्यापासून तो सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, अंघोळ करतो आणि पडदे ओढून झोपतो. त्या बुधवारीही तो आत झोपला होता. मी फोन कानाला लावून ओटा ते दार, दार ते ओटा अशा फेऱ्या मारत होते आणि पलीकडून सुमैया मॅडम जे सांगत होत्या त्याला कुजबुजत हो म्हणत होते. नुपूर नुकतीच शाळेच्या बसमधून आली होती. दाराशी चपलांच्या स्टँडपाशी बसून काहीतरी खेळत होती. सहा वर्षांची आहे, पण बाबा झोपलाय म्हणून शिंकसुद्धा युनिफॉर्मच्या बाहीत घेते. तिचं ते शहाण्यासारखं गप्प खेळणं बघितलं की मला उगीचच अपराधी वाटतं.

सुमैया मॅडम आमच्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली सुपरवायझर, तीही अजून प्रोबेशनवर. उद्या दहा वाजता एचआरमध्ये आपल्या सफाईच्या आबासाहेबांची चौकशी आहे, त्यांना इंग्रजी येत नाही आणि घाबरले की त्यांची हिंदीही पळून जाते, तर तू भाषांतराला ये, असं त्या म्हणत होत्या. सोमवारी तू जे सांगितलंस तेच फक्त उद्या पुन्हा सांग, म्हणाल्या. त्यावरच सगळं आहे.

मी फोन ठेवला. नुपूरने माझ्यासमोर दहा बोटं धरली आणि तोंड दाबून हसली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुकरकडे वळले. मन सगळं लुसैलला, हॉटेलच्या अकराव्या मजल्यावर होतं.

आमच्या हॉटेलच्या मालकांचा धाकटा मुलगा पोलंडला शिकला. तिथे तो ज्या बाईंच्या घरी राहायचा त्या रोज संध्याकाळी एक जुनी पोलीस मालिका लावायच्या, सत्तरच्या दशकातली. रेनकोट घातलेला अधिकारी, तपकिरी भिंती, तपकिरी गाड्या, आणि प्रत्येक भागात एक खून किंवा चोरी. या मुलाला भाषा यायच्या आधी ती मालिका कळायला लागली. परत आल्यावर त्याने वडिलांकडे हट्ट धरला आणि अकराव्या मजल्यावर त्या मालिकेचा सुइट तयार झाला. मालिकेचं नाव आमच्यातल्या कुणाच्याच जिभेला जमलं नाही. आम्ही सगळे त्याला पोलंड म्हणतो. पोलंड झालं का? पोलंडला टॉवेल गेले का?

आतली झोपायची खोली इतर सुइटसारखीच आहे. गंमत बाहेरच्या खोलीत. तिथे डायलचा फोन आहे, टाइपरायटर आहे, धातूच्या होल्डरमध्ये बसवलेला काचेचा चहाचा पेला आहे, खुर्चीवर चुरगळलेला रेनकोट आहे. आणि एक गुन्हा आहे. पाहुण्यांनी तो संध्याकाळभरात सोडवायचा. टेबलावरच्या कार्डावर लिहिलंय की जी वस्तू आपल्या जागी नाही तिलाच हात लावा. सुरुवात होते दाराशी पडलेल्या एका तपकिरी बुटापासून. तो उलटा पडलेला असतो. त्याच्या तळव्याला हिरव्या रंगाचा ठिपका आहे, त्या ठिपक्यावरून खिडकी, खिडकीवरून पुढचं. बूट सरळ असेल तर कुणी त्याला हात लावणार नाही, आणि मग पुढचं काहीच उलगडत नाही.

म्हणून पोलंडची सफाई दोनदा होते. आधी सगळं स्वच्छ करायचं आणि मग बेचाळीस फोटोंच्या अल्बममध्ये बघून तोच पसारा पुन्हा मांडायचा. रेनकोटची सुरकुतीसुद्धा फोटोप्रमाणे. हे काम आबासाहेब करायचे. औशाकडचे, त्रेपन्न वर्षांचे, कतारमध्ये सतरा वर्षं झालेली. त्यांच्याइतका शांत हात आमच्या मजल्यावर कुणाचा नाही.

सुइट सुरू झाला त्या दिवशी मी सगळ्यांना अल्बम समजावत होते. उलट्या बुटाचा फोटो आला तेव्हा आबासाहेब कानाला हात लावून म्हणाले होते, की उलटं पायताण ठिवलं की घरात भांडण लागतंय ताई. मी त्याचं हिंदी करून सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसले. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली बाई मी, असल्या गोष्टींवर हसायचंच असतं. वर मी म्हटलं, आबासाहेब, पोलंडचं भांडण पोलंडमध्ये राहील, आपल्यापर्यंत नाही यायचं. तेव्हापासून ते रोज तो बूट उलटा ठेवताना एकदा त्याला हात लावून कपाळाला लावायचे. मी पाहिलंय.

आणि दोन महिन्यांत तीन तक्रारी आल्या. बूट सरळ होता.

सगळेच पाहुणे खेळत नाहीत, बरेचसे फोटो काढतात आणि झोपतात, म्हणून तीनच. तिसरी सोमवारी आली आणि ती लागली. पोलंडचंच एक वयस्कर जोडपं होतं, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून खास आलेलं. त्या गृहस्थांनी लहानपणी ती मालिका पाहिलेली. दोन तास ते त्या खोलीत नुसते बसून राहिले. सकाळी रिसेप्शनवर ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले की आमचं वय झालं बहुतेक, आम्हाला काही सापडलंच नाही. हे मालकांच्या मुलाच्या कानावर गेलं.

सुमैया मॅडमनी मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं. तिन्ही दिवशी शेवटची तपासणी माझी होती आणि मी बघितलं तेव्हा बूट उलटा होता, फोटोवर माझी खूण आहे. मग माझ्यानंतर खोलीत कोण गेलं? फळांची बशी ठेवायला आबासाहेब. बस. मॅडमना आठवलं ते भांडणाचं बोलणं, आणि सगळं आपोआप जुळलं.

मी कुकर लावत होते तेव्हा नुपूर माझा कुर्ता ओढत होती. मी वळले तशी तिने पुन्हा दहाही बोटं धरली.

"टेन टाइम्स, आई."

काय टेन टाइम्स?

तिने मला हाताला धरून दाराशी नेलं आणि आपला शाळेचा बूट उलटा करून ठेवला. मी वाकले आणि सरळ केला.

"इलेव्हन," ती हसत सुटली आणि लगेच स्वतःच तोंड दाबलं. मग तिने कुजबुजत सांगितलं. मी फोनवर असले की ती बूट उलटा करून टाकते, थप्प, आणि मी बोलता बोलता येऊन तो सरळ करते. बघतसुद्धा नाही. पायाने नाहीतर हाताने. हा खेळ ती कितीतरी दिवस खेळतेय. यू नेव्हर नो, आई. फनी आहे ते.

मी तिथेच खाली बसले. माझी आई असं करायची. मामी करायची. घरात येताना, घरातून निघताना, बोलत, हसत, भांडतसुद्धा, उलटी चप्पल दिसली की सरळ. कुणी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोलंडमध्ये जाताना गालिच्यासाठी आम्ही चपलांवर कापडी पिशव्या चढवतो. बाहेर पडताना दाराशी वाकून त्या काढायच्या. बूट तिथेच, वीतभर अंतरावर.

नुपूरला वाटलं मी रागावले. तिने बूट दोन्ही हातांनी उचलून स्टँडमध्ये नीट लावले.

संध्याकाळी अमेय उठल्यावर मी त्याला सांगितलं. पोहे खाता खाता त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, दमलेला माणूस आहे. नक्की माहीत आहे का तुला, म्हणाला. तू स्वतः बघितलंस का? नाही ना? मग नुसत्या अंदाजावर कशाला? प्रोबेशन कधी संपतंय? रविवारी. मग रविवारपर्यंत दम धर, नंतर शांतपणे बोल. आबासाहेबांना काय, फार तर एक वॉर्निंग मिळेल. खालून बसचा हॉर्न वाजला आणि तो हेल्मेट उचलून गेला. नुपूर टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती.

सहा वर्षं मी घरी होते. या नोकरीचं पहिलं ओळखपत्र गळ्यात घातलं तेव्हा लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडे इतका वेळ बघत राहिले की मजला चुकला. हे मी अमेयलाही सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी मी तासभर आधी गेले. पोलंड रिकामं होतं. पिशव्या चढवल्या, आत गेले, अल्बम घेऊन सगळी खोली तपासली. बूट उलटा होता. मनाशी म्हटलं, आज तर लक्षच आहे माझं, आज काही होणार नाही. खिडकी, पेला, रेनकोट, फोन. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला, नुपूरच्या शाळेचा मेसेज, पाण्याची बाटली विसरली म्हणून. मी तो वाचत वाचत दाराशी आले, वाकले, पिशव्या काढल्या, बाहेर पडले. दार लागता लागता मागे बघितलं.

बूट सरळ होता.

मी परत जाऊन तो उलटा केला. आता अंदाजाचा प्रश्न राहिला नव्हता.

दहा वाजता एचआरच्या खोलीत आम्ही चौघं. एचआरचे साहेब, सुमैया मॅडम, मी आणि आबासाहेब. ते इस्त्रीच्या शर्टात होते आणि खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. साहेबांनी मला सोमवारचं विचारलं, मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. बघितलं तेव्हा उलटा होता. ते खोटं नव्हतं. पुढचं मी सांगितलं नाही. मग त्यांनी आबासाहेबांना विचारलं. आबासाहेब साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले.

"मला तर आठवायलंय, मी तिन्ही बारीला उलटाच ठिवलो. फळं ठिवताना बुटाकडं बगितलो नाही. पण ताई बगितल्या म्हणायल्यात. ताई खोटं कशाला बोलतील? तवा माज्याच हातून झालं आसंल."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी भाषांतर केलं. त्यांच्या हातून झालं असेल असं ते म्हणताहेत, एवढंच. पहिलं वाक्य मी केलंच नाही.

दॅट्स ऑल, त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

रविवारी निर्णय देऊ, तोपर्यंत खोल्यांचं काम बंद, असं ठरलं. आबासाहेबांनी उठताना सगळ्यांना हात जोडले, मलाही.

शुक्रवारी ते लॉबीतल्या पितळी कठड्याला पॉलिश करत होते. मी दुरूनच सटकणार होते, पण त्यांनी हाक मारली. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, की ताई, मागल्या आठवड्यात मी तुम्हाला नातीच्या बारशाचे पेढे दिलो का, का नुसतं देतो म्हणलो? दिले होते, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. आणि तुमच्या पोरीचं नाव नुपूरच ना? मला वाटलं ते मला बोलतं करायला बघताहेत, त्यांना संशय आलाय. मी तुटकपणे हो म्हटलं आणि निघाले. तर त्यांनी खिशातून चौघडी कागद काढला. एवढं इंग्रजीत करून उद्या साहेबांना द्या, म्हणाले. तुमच्याशिवाय कुणाला सांगू.

मला वाटलं माफीनामा असेल. पर्समध्ये टाकला. शनिवारी सकाळी, अमेय झोपलेला, नुपूर शेजारी बसून दुधात बिस्किटं बुडवत होती, तेव्हा उघडला. रेघांच्या कागदावर, शाळेत शिकवतात तसा अर्ज होता.

विषय: मला खोल्यांच्या कामावरून कमी करून गावी पाठवणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी बूट उलटा ठेवलो हे मला आठवते. तो नंतर सरळ केलो हे आठवत नाही. पण ताईंनी पाहिले आहे, म्हणजे मी केलो असणार. माझ्या वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी असेच सुरू झाले. आधी दाराची कडी, मग विहिरीवरची मोटर, मग माणसे. शेवटी ते मला ओळखत नव्हते. आज बूट आहे, उद्या नळ उघडा राहील, इस्त्री चालू राहील, हॉटेलला धोका होईल. तरी मला लवकर पाठवावे. अजून नावे लक्षात आहेत तोवर नातीला बघून घेतो. यात ताईंची काही चूक नाही.

खाली सही, आणि सहीखाली तारीख. तारीख दोनदा खोडून पुन्हा लिहिली होती. बरोबरच होती.

वॉर्निंग मिळेल, असं आम्ही म्हणालो होतो.

मी उठले. अमेयला उठवलं नाही. नुपूरला म्हटलं सँडल घाल, आपल्याला हॉटेलला जायचंय. तिने विचारलं, नाऊ? मी म्हटलं, यल्ला, चल.

उम्म सलालच्या आमच्या घरून लुसैल वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी सुमैया मॅडमसमोर काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चार वेळा विसरले. त्या ऑफिसात होत्या. नुपूरला त्यांनी स्टेपलर खेळायला दिला. मी अर्ज टेबलावर ठेवला, तो मराठीतून वाचत त्यांना हिंदीत सांगितला, आणि मग तोच आवाज पुढे नेत माझं सांगितलं. शाळेच्या बुटाचं, अकरा वेळांचं, गुरुवारी सकाळचं. भाषांतरातलं गाळलेलं वाक्यही सांगितलं.

त्या मूळ हैदराबादच्या. मग म्हणाल्या की आमच्या घरीही उलटी चप्पल ठेवत नाहीत, पण माझा हात जात नाही. म्हणजे त्या मला सोडत नव्हत्या. माझ्याकडून सगळं लेखी घेतलं. एचआरच्या साहेबांना तिथूनच फोन लावला आणि आबासाहेबांची चौकशी रद्द होईल एवढं पक्कं करून घेतलं. तुझं काय ते उद्या, म्हणाल्या. बूट जागेवर ठेवण्यात चूक होते, ती मी समजू शकते. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य खाण्याबद्दल मला विचार करावा लागेल. त्यांना तू स्वतः सांग, आत्ताच.

खाली गाडीत बसले. एसी लावला, तरी स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं तापलं होतं. नुपूर मागे तिच्या सीटवर. मी फोन लावला. हात ओले होते म्हणून स्पीकर चालू करून फोन डॅशबोर्डवर टेकवला. आबासाहेब आपल्या कामगार कॅम्पच्या खोलीत होते, मागे कुणाचा तरी टीव्ही चालला होता. मी सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते.

तिकडे टीव्ही कुणीतरी बंद केला.

"म्हंजे मी इसरलो नव्हतो?"

नाही, मी म्हटलं.

"मी उलटाच ठिवलो होतो."

हो आबासाहेब. तिन्ही वेळा.

ते हसले की रडले ते फोनवर कळलं नाही. म्हणाले, चार दिस झाले ताई, मी रोज उठून पोरांची नावं घ्यायलो, मोठ्यापसून धाकट्यापतोर, एक तर चुकतंय का बघायलो. पेटीची किल्ली धा बारी चाचपायलो. मला नोकरीचं भ्या नव्हतं बगा. मला लागेल असा एक शब्दही ते बोलले नाहीत. उलट म्हणाले की बरं झालं सांगितलात, आता जेवतो, आणि फोन ठेवला. ते चार दिवस जेवले नव्हते का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

रस्त्यापलीकडून ट्राम गेली. नुपूर नेहमी ट्रामला हात करते, आज तिने केला नाही. आमच्या मुलांना मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की इंग्रजीत उत्तर देतात. म्हणून आम्हा मोठ्यांना वाटत राहतं की त्यांना निम्मंच कळलं.

आरशात बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. गणित करताना बघते तशी, बोटं मांडीवर ठेवून. मग तिने शब्द शोधत शोधत, सगळं मराठीत विचारलं.

"आई, मी तुला बुधवारी सांगितलं ना? मग त्या काकांना तू बुधवारीच का नाही सांगितलंस?"